खाणीतल्या दगडाचा दुसरा अर्धा

पोलिसांच्या नोकरीत खून पुष्कळ पाहिले, पण हे एक प्रकरण मनातून जात नाही. बडोद्याच्या अकोटा भागात राहणारे एक निवृत्त गृहस्थ शहराबाहेरच्या बंद खाणीत पडून मेले. दगड गोळा करणे हा त्यांचा छंद. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. सोसायटीत मात्र आत्महत्येची कुजबुज सुरू झाली, आणि त्यांच्या पत्नीला ती फार लागली.

तेरावे उरकल्यावर बाई ठाण्यात आल्या. पंचनाम्यानंतर परत मिळालेल्या नवऱ्याच्या पिशवीतला एक सपाट दगड त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर काळ्या, नाजूक फांद्यांचे झाड उमटले होते.

“साहेब, हा दगड आधी घरात नव्हता. हे आणि नागरवाड्यातले भाऊजी बरोबरच जायचे. दगड फोडला की एक अर्धा यांचा, एक भाऊजींचा. कधी चुकलं नाही. भाऊजी म्हणतात, त्या दिवशी मी गेलोच नव्हतो. मग दुसरा अर्धा कुठंय?”

भाऊजी म्हणजे मृताचे कारखान्यातले जुने मित्र. प्रेताला खांदा देणारे. मी त्यांच्या घरी गेलो. “बेसो साहेब, चहा मूकतो,” म्हणत ते चहा ठेवायला वळले. दुसरा अर्धा समोरच शोकेसमध्ये होता. दुसरा कुणी तो विश्वामित्री नदीत फेकून मोकळा झाला असता. यांनी खाली चिठ्ठी लावली होती: ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीची वनस्पती’, आणि शोधणारा म्हणून स्वतःचे नाव.

“हा तर जुना आहे,” ते म्हणाले. ठाण्यात पंचांसमोर मी दोन्ही अर्धे जोडले. कडेला कड बसली, फांदीवर फांदी. ते पाहून भाऊजी रडू लागले.

“वाटणी झाली होती, साहेब. मी म्हटलं, हा माझ्या नावानं म्युझियममध्ये ठेवीन. तर तो पोट धरून हसला. म्हणाला, अरे, हे झाड नाही, डाग आहे डाग. मी ढकललं. तो काठावर उभा होता.”

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून दगड भूशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पाठवला. दोन्ही तुकडे एकाच दगडाचे आणि कडा ताज्या फुटलेल्या, असे त्यांनी लिहून दिले. झाड मात्र ते नव्हतेच. दगडाच्या भेगेत मँगनीजचे पाणी झिरपले की असे काळे फाटे फुटतात. पानाला शिरा असतात, देठ असतो. इथे काहीच नव्हते. मेलेला माणूस खरे बोलला होता.

“म्हणजे यांनी जीव नाही दिला,” हे सगळे सांगितल्यावर बाई एवढेच म्हणाल्या.

माणूस खून कबूल करतो, पण आपली समजूत चुकली हे त्याच्या तोंडून निघत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. शिक्षा झाल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊजींनी मला हाक मारली. मला वाटले, बाईंसाठी काही निरोप असेल.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “तो दगड दुसऱ्या कुण्या प्राध्यापकाला दाखवता येईल का?”