रंगूबाईचा कप्तान

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात रंगूबाई मासे धरायची जाळी विणायची. तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, तिच्याकडेच जाळं सांगत, कारण तिच्या जाळ्याचं भोक पहिल्यापासून शेवटपर्यंत एका मापाचं असे आणि जाळं कबूल केलेल्या दिवशी हातात पडे. आगगाडी ठाण्याला येऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

रंगूबाई अठ्ठेचाळीस वर्षांची होती. नवरा तापानं जाऊन बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ मारुती, दोघंच. मारुतीची बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि त्यानं पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. सरकारी शाळेत चार इयत्ता शिकल्यामुळे त्याला टपालात नोकरी मिळाली होती. सकाळी पिशवी खांद्याला लावून निघायचा. बाळकुम, कोलशेत, वाघबीळ, ओवळं करत पार घोडबंदरच्या वाटेला लागायचा, तो दिवेलागणीला परत. भाऊबहीण एकमेकांशी फार बोलत नसत. बोलायला भांडण तरी लागतं, आणि भांडायला घरात काही बिघडावं लागतं. रंगूबाईच्या घरात काही बिघडत नसे. सुताचे गुंडे एका फळीवर, बांबूच्या सुया खुंटीला, ऐनाची साल कोरड्या कोपऱ्यात.

त्या वर्षी दिवाळीनंतर मारुती एका संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या टपालाच्या रिकाम्या पिशवीतून दोन कान बाहेर आले होते.

"हे काय आनलंस?" रंगूबाईनं विचारलं.

"बाय, आधी ऐक. बंगल्यावरचा साहेब विलायतेला चाललाय. त्याच्या शिकारी कुत्रीचं पिल्लू हाय. बाप आपल्याकडचाच कुनीतरी रस्त्यावरचा. आई बरोबर नेनार, याला उद्या गोळी घालनार म्हनून खानसामा सांगत होता."

"म्हनून तू घरी आनलंस."

"दोन दिवस. कुनीतरी घेईल."

"नाव काय याचं?"

"साहेबाचा मुलगा कप्तान म्हनायचा."

पिल्लानं पिशवीतून उडी मारली, सुताचा एक गुंडा तोंडात धरला आणि चुलीपाशी जाऊन तो सगळा उलगडला.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. घेणारं कोणी भेटलं नाही, कारण तोवर अख्ख्या कोळीवाड्याला कप्तान माहीत झाला होता. लांब पायांचा, बदामी रंगाचा, छाती पुढे आलेली. एका जागी घटकाभर बसलेला त्याला कोणी पाहिला नव्हता. त्यानं मारुतीच्या दोन वहाणा खाल्ल्या. टपालाचा चामडी पट्टा खाल्ला, त्यावर मारुतीला पोस्टमास्तरांची बोलणी बसली. वाळत घातलेले बोंबील दोरीसकट ओढून नेले. शेजारच्या ठमाबाईची कोंबडी त्यानं मारली नाही, पण इतकी पळवली की ती आठ दिवस अंडं देईना. घराच्या मागं कुडाचं कुंपण होतं, त्याला खालून भोक पाडलं. ते बुजवलं की शेजारी दुसरं.

एकदा जाळं रंगवायला रंगूबाईनं ऐनाच्या सालीचा काढा उकळून हंडा निवायला ठेवला होता. जाळं त्या काढ्यात बुडवलं की पाण्यात कुजत नाही. कप्ताननं हंडा पाडला, त्या लाल काढ्यात लोळला आणि तसाच घरभर फिरला. पुढं पंधरा दिवस कुत्रा तांबडा दिसत होता आणि भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पंजे उठले होते.

रंगूबाईनं त्याला काठीनं मारलं. मारलं की तो अंग चोरून बसायचा आणि तिची पाठ वळली की दुप्पट जोरानं सुटायचा. तिनं बांधला. त्यानं दोर चावून तोडला. तिनं स्वतः वळलेला जाड दोर लावला. तो तुटेना, तेव्हा तो दुपारभर भुंकला. ठमाबाई येऊन म्हणाली, "रंगू, सोड गो त्याला, नायतर मी येडी होईन."

मारुतीला ती रोज रात्री जेवताना ऐकवायची. मारुती खाली मान घालून ऐकायचा. नाही म्हणायला त्या दोन महिन्यांत भाऊबहिणीचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं.

माघात खरं संकट आलं. आनंदा तांडेलाची नवी होडी चैत्राच्या पाडव्याला पाण्यात उतरणार होती आणि तिचं जाळं रंगूबाई दिवाळीपासून विणत होती. निम्म्याच्या वर झालं होतं. एका सकाळी ती विहिरीवरून पाणी घेऊन आली तर कप्तान त्या जाळ्यात पुरता गुरफटला होता. सुटायला जितकी धडपड करी तितकं जाळं फाटत होतं. तिनं घागर खाली ठेवली. कोयता घेतला आणि कुत्र्याला सोडवायला उरलंसुरलं जाळंही तिलाच कापावं लागलं. कप्तान मोकळा झाला आणि तिचा हात चाटू लागला. ती उंबऱ्यावर बसली. तिनं त्याला त्या दिवशी मारलं नाही. तेवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती स्वतः आनंदाच्या घरी गेली.

"तुजं जाळं कुत्र्यानं फाडलं. पाडव्याला होईलसं वाटत नाय."

आनंदा पन्नाशीचा, दांडगा, मोठ्यानं हसणारा माणूस. तो त्या वेळी हसला नाही. म्हणाला, "तू आजवर कधी उशीर केलेला नायस. म्हनून मी काय बोलत नाय. पन त्या जनावराला कामाला लाव. उद्या माज्यासंगं खाडीत पाठव. होडीवर चार दिवस काढले की नरम पडेल."

दुसऱ्या दिवशी कप्तान खाडीत गेला. दुपार व्हायच्या आत आनंदा गुडघाभर चिखलात माखलेला दारात उभा होता. बगळा दिसला म्हणून कप्ताननं तीनदा पाण्यात उडी मारली होती, तीनदा त्याला वर ओढून घ्यावं लागलं होतं आणि चौथ्यांदा त्यानं खेकड्यांची टोपली लाथाडली होती. ते खेकडे होडीभर फिरत असताना माणसांनी पाय वर घेऊन वल्ही मारली.

"रंगूबाय, घे हा तुजा," आनंदा म्हणाला. "आमच्या होडीवर एक कप्तान पुरे." आणि मग मात्र तो खूप हसला.

आता कुत्रा ठेवायचा नाही हे ठरलं. कल्याणला त्यांचा मावसभाऊ गोविंदा याची वीटभट्टी होती. त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. भट्टीवर साखळीनं बांधून ठेवीन, असा त्याचा निरोप आला. येत्या रविवारी मारुतीला सुट्टी. त्या दिवशी गाडीनं नेऊन पोचवायचा असं ठरलं. साखळीचं ऐकून मारुती उठून कप्तानपाशी जाऊन बसला. 

गुरुवारी ती दोर वळायला बसली. जाळ्याच्या कडेला जो जाड दोर लागतो तो बाजारात मिळे, पण तिला तो पसंत नसे. घरामागं लांब मोकळी पट्टी होती. एका टोकाला खुंट ठोकलेला, दुसऱ्या टोकाला भेंडीचं, पिंपळासारख्या पानांचं मोठं झाड. खुंटाला सूत बांधायचं, चालत झाडापर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं, पुन्हा बांधायचं. असे पदर झाले की सगळे एकत्र पिळायचे. एका दोराला वीस-वीस खेपा. पूर्वी ती गाणं म्हणत हे करायची. आता गुडघे दुखत. सहाव्या खेपेनंतर ती टेकली आणि सुताचं टोक हातातून खाली पडलं.

कप्ताननं ते उचललं आणि धूम ठोकली.

"ठेव! मेल्या, ठेव ते!" ती ओरडली. खुंटापाशी ठेवलेली सुताची फिरकी गरगर फिरायला लागली. कप्तान सरळ झाडाकडं गेला, झाडावर खार होती तिच्यासाठी त्यानं बुंध्याला वळसा घातला, खार वर निघून गेली तसा परत रंगूबाईकडे पळत आला आणि तोंडातलं टोक तिच्या पायाशी टाकून, पुढं काय, अशा नजरेनं बघत उभा राहिला.

रंगूबाईनं पट्टीकडं पाहिलं. सूत झाडाला वळसा घालून परत आलं होतं. थोडं सैल होतं, दातांनी एका जागी भिजलं होतं, पण पदर पडला होता.

 ती घरात गेली, सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात टाकला. सुताच्या टोकाला तिनं काथ्याची जाड गाठ बांधली, म्हणजे दात सुताला लागू नयेत. गाठ त्याच्या तोंडात दिली आणि झाडाकडं हात केला. कप्ताननं गाठ चावून खाल्ली.

तिनं दुसरी बांधली.

त्या दिवशी आठ गाठी गेल्या आणि दोन पदर पडले. शुक्रवारी तिच्या ध्यानात आलं की सकाळी तो अगदीच ऐकत नाही, अंगात नुसता वारा असतो. म्हणून शनिवारी ती ओहोटीच्या वेळेला त्याला घेऊन खाडीवर गेली आणि चिखलात मोकळा सोडला. तो बगळ्यांमागं, खेकड्यांमागं, कशाच्याही मागं धावला. ती दगडावर बसून राहिली. घाटावरच्या बायका म्हणाल्या, "रंगूबाय, आता कुत्र्याला हवा खायला आनतंस व्हय, साहेबावानी?" ती म्हणाली, "हो." घरी आल्यावर तो पाणी प्याला, त्यानं जरा धापा टाकल्या आणि मग अकरा पदर घातले. बाराव्याला कंटाळला, तेव्हा तिनं काम थांबवलं.

रविवारी मारुती सदरा घालून, दोर हातात घेऊन तयार झाला.

"कुठं चाललास?" रंगूबाईनं विचारलं.

"कल्यानला. गाडीची वेळ झाली."

"मागं ये जरा."

तिनं कप्तानच्या तोंडात गाठ दिली, हात केला. मारुती भेंडीकडं जाणाऱ्या कुत्र्याकडं बघत राहिला, येणाऱ्या कुत्र्याकडं बघत राहिला.

"परत कर," तो म्हणाला.

तिनं परत केलं. मारुती खाली बसला, त्यानं कप्तानचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बहिणीकडं न बघता विचारलं, "मग गोविंदाला काय सांगू?"

"सांग, रंगूनं शब्द मोडला म्हनून. माज्या नावानं सांग. तू मधी पडू नको."

मारुती तरीही कल्याणला गेला, कारण निरोप असा कोणाकडून पाठवणं त्याला बरं वाटेना.

पाडव्याला जाळं झालं नाही. रंगूबाईनं दिवस-दिवस हात चालवला, दोराचं काम कुत्र्यानं हलकं केलं, तरी फाटलेलं सगळं भरून येणं शक्य नव्हतं. आनंदाची होडी नारळ फोडून, गुलाल उधळून जुन्याच जाळ्यानिशी पाण्यात उतरली. रंगूबाई पूजेला गेली पण मागं उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा दिवस चुकला होता आणि ते तिला फार लागलं. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं जाळं आनंदाच्या दारात नेऊन ठेवलं. त्यानं कडेचा दोर हातात घेऊन ओढून बघितला.

"हा त्या कुत्र्यानं घातलेला?"

"पदर त्यानं घातले. पीळ माजा."

"बरा हाय," आनंदा म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

वैशाखात गोविंदा एका लग्नासाठी ठाण्याला आला आणि मुद्दाम चेंदणीत येऊन गेला. भट्टीवर त्यानं दुसरा कुत्रा ठेवला होता, राग कसलाच नव्हता; त्याला फक्त बघायचं होतं. परसात बसून त्यानं चहा घेतला, तेव्हा चहा अजून कोळीवाड्यात नवाच होता आणि तो मारुतीनं पोस्टातल्या कारकुनाकडून शिकून घेतला होता. कप्तानच्या दहा-बारा खेपा त्यानं मोजल्यासारख्या बघितल्या.

"रंगे, याला शिकवलं कुनी?"

"मी कसली शिकवतंय. पळायचं त्याला होतंच. मी झाड दाखवलं."

"मना दे. बदल्यात म्हशीचं पारडू देतो."

"पारडू सूत नेईल काय?" रंगूबाई म्हणाली, आणि मारुती हसला. परसात हसण्याचा आवाज ऐकून ठमाबाई कुडावरून डोकावली.

कप्तान शहाणा झाला असं मात्र कोणी समजू नये. वहाणा त्यानं पुढेही दोन वर्षं खाल्ल्या. मारुती त्या आढ्याला टांगायला शिकला. पाहुणा आला की त्याच्या छातीवर दोन पाय ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पावसाळ्यात पट्टी भिजलेली, काम बंद, तेव्हा तो पुन्हा कूड उकरी, आणि रंगूबाई डोक्यावर इरलं घेऊन त्याला भर पावसात खाडीवर नेई. तिचे गुडघे त्यानं बरे झाले नाहीत. पण रोजच्या चालण्यानं तिला बाळकुमपर्यंतची वाट पायाखालची झाली, आणि तिकडचे दोन तांडेल तिच्याकडं जाळं सांगायला लागले.

चार वर्षांनी तो आपोआप निवला. मग दुपारी तो सुताच्या फळीखाली झोपायचा आणि रंगूबाई विणता विणता त्याच्याशी बोलायची. मारुतीशी ती एवढं कधी बोलली नव्हती. तो घरी आला की दिवसभराचं त्यालाही सांगायची.

बारा वर्षं जगला कप्तान. शेवटच्या दोन वर्षांत त्याला नीट दिसत नसे. तरी सकाळी रंगूबाई खुंटापाशी बसली की तो उठून यायचा, गाठ तोंडात घ्यायचा आणि सावकाश भेंडीपर्यंत चालत जायचा. कधी वळसा घालून परत यायचा. कधी झाडाखाली सावली बरी वाटली की गाठ तोंडात तशीच ठेवून बसून घ्यायचा. रंगूबाई त्याला हाक मारत नसे. सुताचं दुसरं टोक खुंटाला अडकवून ती सुई हातात घ्यायची आणि तो उठेपर्यंत दुसरं एखादं जाळं चार ओळी पुढं न्यायची.