सामाईक शाफ्ट

थोरल्याला वाटणी या विषयात जी गती होती, ती आयुष्यात दुसऱ्या कशातही नव्हती. बाप गेल्यावर घराच्या मधोमध भिंत घातली तेव्हा भिंतीची जाडीसुद्धा निम्मी आपल्याकडची, निम्मी भावाकडची, असं गवंड्याला समजावून सांगणारा हाच. गवंडी हसला होता. थोरल्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

एकच वस्तू अशी उरली, जी मधोमध कापता येईना. बुडखे कोरायचं मशीन.

झाड तोडणारे लाकूड घेऊन जातात. जमिनीत रुतलेला बुडखा मागे राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लावत बसतो. त्याचा भुसा करणारं हे मशीन बापाने, म्हणजे थोरलीच्या सासऱ्यांनी, जुनंच घेतलं होतं. दोन चाकांवर ढकलायचं, वर इंजिन, पुढे परातीएवढं पोलादी चाक, चाकाला दात. चाकाच्या मधून आडवा शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडा, जातो आणि त्याची दोन टोकं दोन बेअरिंगांत बसतात. सासरे रोज संध्याकाळी आधी त्या बेअरिंगांना ग्रीस द्यायचे, मग हात धुऊन जेवायला बसायचे. मशीन त्यांच्या हयातीत कधी कुरकुरलं नाही. कुरकुरणारे दोघे वेगळेच होते आणि ते त्यांच्या मागे राहिले.

ठरलं असं की, एक महिना थोरल्याचा, एक धाकट्याचा. ठरवताना दोघांचे चेहरे राज्य वाटून घेतल्यासारखे होते. थोरल्याची बायको, थोरली, तेव्हाच जावेला म्हणाली होती, "म्हशीचं पुढचं अंग एकाला आणि मागचं दुसऱ्याला दिलं असतं, तर निदान शेण कुणी काढायचं ते तरी कळलं असतं."

पहिल्याच खेपेला थोरल्याने मशीन भावाला देताना टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. ते एक वेळ ठीक. पुढच्या महिन्यात धाकट्याने स्वतःचे धारदार दात उतरवले आणि बोथट दात लावून मशीन परत केलं. मग थोरल्याने आपला पट्टा काढून ठेवायला सुरुवात केली. मग प्लग. मग हवेची गाळणी. सासरी निघालेल्या मुलीच्या अंगावरचे दागिने उंबऱ्यातच उतरवून घ्यावेत, तसं ते मशीन दर एक तारखेला इकडून तिकडे ओकंबोकं होऊन जायचं. ज्या वस्तू काढता येत त्या दोघांकडे दोन-दोन, नव्याकोऱ्या, फडक्यात गुंडाळलेल्या. ज्या काढता येत नाहीत त्यांना कुणी हात लावायचं नाही. ग्रीस तर दोघांनीही सोडलंच. दिलेलं ग्रीस परत काढून घेता येत नाही ना!

अशाने बेअरिंगं जायचीच. डावं गेलं थोरल्याच्या महिन्यात, म्हणून नवं डावं त्याने आणलं. उजवं गेलं धाकट्याच्या महिन्यात, ते त्याने आणलं. आणि महिना संपला की जो तो आपलं नवं बेअरिंग ठोकून काढायचा आणि जागी जुनं, खिळखिळं ठोकून बसवायचा. मशीन कायम एका पायाने लंगडं. महिना बदलला की फक्त लंगडा पाय बदलायचा.

त्या दिवशी थोरली शाळेतून आली तेव्हा नवरा अंगणात फतकल मारून हेच ठोकाठोकीचं काम करत होता. ती शाळेत झाडलोटीला होती. शाळेच्या मैदानात तोडलेल्या झाडांचे बुडखे राहिले होते. सुट्टी संपायच्या आत ते काढायचे, म्हणून मोठ्या बाई कंत्राटदाराला बोलावणार होत्या. थोरली मध्ये पडून म्हणाली होती, "बाई, आमच्या घरचं मशीन आहे. माझा शब्द." त्या शाळेत इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी शब्द मागितला नव्हता. पहिल्यांदाच दिला, आणि बाईंनी तो घेतला.

"अहो, मोठ्या बाई हो म्हणाल्या," ती म्हणाली.

"म्हणू देत. पुढचा महिना त्याचा. तोच करेल."

"मग हे काय चाललंय?"

थोरल्याने मान वर केली. चेहऱ्यावर ते हसू आलं, जे तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं होतं की हा माणूस हुशार आहे. त्याने जुन्या बेअरिंगमध्ये जाड ग्रीस आणि बारीक भुसा कालवून कोंबला होता. "बघ, फिरवून बघ. आहे आवाज? एक बुडखा होईपर्यंत गप्प बसेल. मग तो जाणे आणि त्याचं नशीब."

"शाळेत बंद पडणार ते?"

"त्याच्या हातात पडणार. माझ्या नाही."

"शब्द माझा आहे हो!"

"मग त्याला सांग, नवीन बेअरिंग आण म्हणावं." आणि तो हात पुसत उठला.

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. आख्ख्या घराची अक्कल वाटताना हा बहुतेक रांगेत शेवटी उभा असावा, आणि तिथेही भावाला जास्त मिळू नये म्हणून आपली सोडून आला असावा.

एक तारखेला धाकटा मशीन न्यायला आलाच नाही. भिंतीवरून जावेचं डोकं दिसलं. "ताई, यांची कंबर धरलीय. कूस बदलता येत नाही. म्हणतायत, हा महिनाही दादांनीच ठेवावं मशीन. शाळेचं काम वहिनींनी आणलंय, ते दादांच्याच हातून व्हावं."

थोरला खुर्चीतून ताडकन उठला. आख्खा महिना फुकट! त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. मग ते तोंडातच आटलं, कारण त्याला भुसा आठवला.

"खरंच धरलीय का कंबर?" त्याने भिंतीकडे बघून विचारलं.

"या ना बघायला. शेक द्यायला माणूस हवंच आहे," जाऊ म्हणाली आणि डोकं खाली गेलं.

"ढोंग करतोय," थोरला बायकोला म्हणाला. "त्याचं ते नवं उजवं बेअरिंगही गेलेलं असणार, म्हणून माझ्या गळ्यात मारतोय."

"तुम्हाला बरं लगेच कळलं," ती म्हणाली. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

त्याने भुशाचं बेअरिंग काढून फडक्यातलं नवं लावायला घेतलं. दर वेळी ठोकावं लागायचं, या वेळी ते हाताने सरकलं. "बघ, लोण्यासारखं बसलं!" त्याने हौसेने चाक फिरवलं, तर चाक शाफ्टसकट म्हाताऱ्याच्या मानेसारखं डुगडुगू लागलं.

शाफ्ट सोडवून तो लेथवाल्याकडे गेला. दुसरं टोक धरायला बायकोलाही बरोबर नेलं, कारण शाफ्ट जड होता. लेथवाल्याने शाफ्टच्या दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. "हे हातोडीने खाल्लंय. इतक्या वेळा बेअरिंग काढ-घाल कोण करतं? आता नवं बेअरिंग घट्ट बसणारच नाही, ते शाफ्टवर फिरून शाफ्टच खाणार. दोन्ही टोकं वेल्डिंगने भरावी लागतील आणि लेथवर तासून मापात उतरवावी लागतील."

थोरल्याने विचार केला. विचार करताना त्याचे ओठ हलायचे.

"डावं टोक करा," तो म्हणाला. "उजवं भावाचं आहे."

लेथवाल्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने छताकडे पाहिलं.

"शाफ्ट एकच आहे, दादा," लेथवाला सावकाश म्हणाला.

"एकच आहे, पण टोकं दोन आहेत ना?"

डावं टोक नवं झालं.

शाळेच्या मैदानात मोठ्या बाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. थोरली हातात झाडू घेऊन जरा मागे. मशीन सुरू झालं, चाक पहिल्या बुडख्याला टेकलं, थोडा भुसा उडाला. आणि मग डावं टोक ठाम आणि उजवं टोक मोकाट अशा त्या चाकाने तिरपं होऊन स्वतःच्याच झाकणाच्या पत्र्याला दात लावले. किंकाळीसारखा आवाज झाला, पट्टा उडून कुंपणापाशी पडला, उजव्या बाजूने धूर निघाला.

"उजव्या बाजूने गेलं," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं. "माझी बाजू शाबूत आहे."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या थोरलीला म्हणाल्या, "तुम्ही शब्द दिला होता." बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोन दिवस द्या, बाई," थोरली म्हणाली. "आता मी करते."

"तुम्ही?"

"म्हणजे करवून घेते."

ती घरी आली ती थेट भिंतीपलीकडे गेली. धाकटा अंथरुणावर कण्हत होता. कंबर खरंच धरलेली होती, हे मात्र नवऱ्याला सांगून त्याचा पुढचा आनंद वाढवण्यात अर्थ नव्हता. "भाऊजी, तुमचं ते फडक्यातलं बेअरिंग द्या."

"वहिनी, ते माझं..."

"कंबर तुमची, बेअरिंग तुमचं, आणि शाळेत नाक माझं कापलं गेलं. देता, की शेकायची पिशवी घेऊन जाऊ?"

जावेनेच कपाटातून काढून दिलं. "न्या, ताई. हे फडकं उशाशी घेऊन झोपतात. मला वाटायचं, आत दागिना आहे."

नवऱ्याचं बेअरिंग तिने न विचारताच मशीनसकट लेथवाल्याकडे नेलं. लेथवाल्याने उजवं टोक भरून उतरवलं, दोन्ही बेअरिंगं बसवली, त्यांना शाफ्टवर धरून ठेवणारे छोटे स्क्रू आवळले. ग्रीसगनचा दट्ट्या तिने स्वतः दाबला, सासरे दाबायचे तसा, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत.

"आता या स्क्रूंची तोंडं बुजवून टाका," ती म्हणाली.

"वहिनी, असं करतात का? स्क्रू फिरवायची चावी लागणार नाही. उद्या बेअरिंग गेलं तर कापून काढावं लागेल."

"कापू की. निदान दोघांना एकदम रडू येईल."

लेथवाला हसला आणि त्याने स्क्रूंच्या तोंडात वेल्डिंगचा एकेक थेंब सोडला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मैदान सपाट झालं. थोरला घाम पुसत बुडख्यामागून बुडखा कोरत होता आणि मशीन सासऱ्यांच्या वेळेसारखं एका सुरात चाललं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं एकदाचं." थोरलीला ते पुरेसं होतं. ती भुसा झाडायला लागली.

महिना संपला. धाकट्याची कंबर सुटली. त्या सकाळी थोरला चाव्यांचा डबा घेऊन मशीनसमोर बसला. दात, पट्टा, प्लग, गाळणी काढून झालं. मग बेअरिंगकडे वळला. एक चावी लावली, दुसरी लावली. बुजलेल्या स्क्रूवर नखसुद्धा फिरवून पाहिलं. थोरली खिडकीतून बघत होती. त्याचे ओठ हलत होते. नव्या बेअरिंगवर भाऊ आख्खा महिना चाक फिरवणार, हे त्याला काही केल्या गिळवेना. त्याने मशीनला एक फेरी मारली, दुसरी मारली. शेवटी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं.

धाकटा आला. त्याने उघड्या टाकीकडे पाहिलं, भावाच्या खिशाच्या फुगवट्याकडे पाहिलं. टाकीच्या तोंडात एक चिंधी कोंबली आणि मशीन ढकलत निघाला.

थोरला बराच वेळ अंगणात उभा होता. मधूनमधून खिसा चाचपून बघत होता.