नेवेनाची गोळी

स्तारा झागोरा शहरातल्या बाहुली-नाट्यगृहात नेवेना बाहुल्यांचे कपडे शिवायची. कोल्ह्याला जाकीट, राजाला झगा, आणि शिवताना गप्पांना ऊत. विशीत मात्र तिला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले होते, शेजारी विष घालतील अशी भीती मनात बसली होती. तेव्हापासून ती रोज गोळी घेई आणि सगळं सुरळीत चाले. नवऱ्याला, कामेनला, हे तिने लग्नाआधीच सांगितलं होतं.

तिला दिवस गेले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. सासू पेन्का मात्र काळजीत पडली. पोटात बाळ असताना डोक्याची औषधं कशाला, असं तिने एकदोनदा सुनावलं. नेवेनाच्याही मनात तेच होतं. कुणाला न विचारता तिने गोळी बंद केली.

थोड्याच आठवड्यांत झोप उडाली. एका दुपारी सूपची वाटी पुढे आली, तर तिच्याने चमचा उचलवेना.

"आई, यात काही घातलंय का तुम्ही?"

पेन्काने त्याच वाटीतलं सूप खाऊन दाखवलं, कोट चढवला आणि सुनेला घेऊन थेट दवाखाना गाठला.

डॉक्टर लाझारोवा रागावल्या नाहीत. हे औषध बऱ्याच गरोदर बायकांनी घेतलेलं आहे, त्यामुळे बाळात मोठं व्यंग येण्याचा धोका फारसा वाढलेला दिसत नाही, असं त्यांनी समजावलं. अगदी निर्धोक असं कुठलंच औषध नसतं. साखर आणि वजन तपासत राहू, जन्मानंतर बाळावरही लक्ष ठेवू. पण औषध अचानक तोडून आजार उलटणं दोघांनाही जास्त घातक.

"माझ्या नातवंडाचं काय होईल?" पेन्काने विचारलं.

"आजी, आई धड राहिली की बाळाचं निम्मं काम झालं."

गोळी पुन्हा सुरू झाली. हळूहळू झोप आली, भीती ओसरली. आता न्याहारीला पेन्काच पाण्याचा पेला धरून उभी राही. "घे गं बाई, नाहीतर पुन्हा माझ्या सूपवर संशय घेशील." नेवेना हसून गोळी गिळायची.

मे महिन्यात मुलगी झाली. सुरुवातीला जराशी सुस्त होती, म्हणून दवाखान्यात लक्ष ठेवलं. मग अशी रडू लागली की परिचारिकाही हसल्या. घरी आल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या, रीतीप्रमाणे त्यांनी गरम पाव मोडून मधात बुडवून खाल्ला. कुणीतरी दबक्या आवाजात औषधाचं विचारलं.

"चालूच होतं, डॉक्टरांना विचारून," पेन्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बघा की, कशी टुणटुणीत आहे."

कुणीतरी गाणं धरलं. नेवेना नाचायला उठू लागली, तर सासूने तिला खांदे धरून खाली बसवलं आणि स्वतःच फेर धरला.