गच्चीवरचा वाल

विसरलो होतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो.

वर्ध्यात आमचं घर दुमजली. खाली मी, वर धाकटा भाऊ. आई आळीपाळीनं राहते: होळीपासून दिवाळीपर्यंत खाली, मग वर. गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर दोघांत एक. टाकीतून दोन पाइप उतरतात, एक त्याच्या न्हाणीत, एक माझ्या. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सोलरच्या काचा कोणी पुसायच्या यावरून आमचं वाजलं. तो म्हणाला, "दादा, तू निस्ता हुकूम सोडतं." संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, त्याच्या पाइपाचा वाल बंद केला आणि दिसू नये म्हणून वरून गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं. काचा पुसत नाही तर गरम पाणीही नाही, असा माझा न्याय.

उन्हाळाभर कुणाला कळलं नाही. आमच्याकडे तेव्हा थंड पाण्याचा नळच पोळतो. पावसाळ्यात सोलर तसाही तापत नाही.

दिवाळी झाली, आई वर गेली. दोन दिवसांनी भाऊ जिन्यातून म्हणाला, "दादा, गरमच्या नळाले पाणीच नाई येऊन राह्यलं. काऊन असन?"

"खार बसला असन पाइपात. पाहू."

बोअरच्या पाण्याला खार फार, त्यामुळे खोटं खपलं. वरची मंडळी रॉड लावून बादली तापवू लागली. आई रॉडला हात लावत नाही, तिला करंटची भीती. अंघोळ पहाटे पाचला, आणि त्यासाठी सुनेला उठवायचं नाही. त्यात कार्तिक. "कार्तिकात थंड्या पाण्याचंच पुण्य," म्हणाली. मी त्यावर निर्धास्त व्हायला गेलो. पण पाचला वरच्या न्हाणीत तांब्या वाजला की मला खाली जाग यायची. पहिल्या तांब्यानंतर ती थांबायची. मग दुसरा. ते मधलं थांबणं मी ऐकत पडायचो.

"कूस काऊन बदलून राह्यले?" बायको विचारायची.

"मच्छर."

कार्तिक संपला, पाणी तसंच. पौषात आई खोकायला लागली, तेव्हा एका दुपारी मी गुपचूप वर जाऊन गोणपाट सोडलं, वाल उघडला. सुटलो, वाटलं. दुसऱ्या पहाटे कान देऊन बसलो. नळ फुसफुसला आणि गप्प झाला. मग तोच तांब्या, तेच थांबणं.

गच्चीवर जाऊन पाइप चाचपला. टाकीपाशी चटका, हातभर पुढे गारठा. दोन दिवस चकरा मारल्या. वाल बंद केला, उघडला, पाइपावर पाना ठोकला. चोरानं चोरीचा माल आणून द्यावा आणि घरानं तो घेऊ नये, तशी गत.

शेवटी भावानंच मिस्त्री आणला. त्यानं पाइपावरून हात फिरवला. "हवा भरली याच्यात. वाल लय दिवस बंद राह्यला असन. वरच्या मजल्याले पाण्याचा जोर नाई, हवा निंगत नाई. कोणं बंद केलता?"

सोडलेलं गोणपाट तिथंच पडलं होतं. भाऊ म्हणाला, "माह्याच हातून झालं असन. कूलरचा पाइप जोडाले आलतो तवा."

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो.

"मी केलता," मी म्हणालो. "मुद्दाम. काचांच्या भांडणात."

मिस्त्री उगाच पिशवीत काही शोधू लागला. भावानं गोणपाट उचलून झटकलं. मग एवढंच, "दादा, आई न्हाते ना वर."

"माहीत होतं."

मिस्त्रीच्या सांगण्यावरून भावानं स्वतःच्या न्हाणीत मोटरची नळी गरमच्या नळाला लावली, म्हणजे पाणी उलटं चढून हवा वर ढकलेल. मी टाकीपाशी उभा.

"आले काय बुडबुडे?" तो खालून.

"आले."

 जाताना मिस्त्रीनं, पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून, वालची लाल दांडी काढून भावाच्या हातात दिली. मी हात पुढे केला नव्हता.

आईला मीच सांगितलं. तिनं विचारलं, "खाली तांब्याचा आवाज येत होता काय तुले?"

"रोज."

तिनं अंगावरची शाल सारखी केली.

होळी झाली, तिचे खाली यायचे दिवस आले. आली नाही. "इथंच बरं हाय मले," म्हणाली.

रविवारी मी काचा पुसतो. पहाटे पाचला वर बादली भरते, तांब्या न थांबता चालतो. मला जाग येतेच.