काकूचं हसू

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला ती मॅटिनी आठवते आणि आजही डोकं तापतं. काका जाऊन आठ महिने झाले होते. काकू सदाशिव पेठेतल्या घराबाहेर पडतच नव्हती, म्हणून मी कॉलेज बुडवून तिला एका जुन्या सिनेमाला नेलं. डोक्यावर पंखे कुरकुरत होते. पडद्यावर अदृश्य झालेला नायक सावकाराचं धोतर ओढायला लागला, तशी हातातलं संत्रं अर्धवट सोलून ठेवून काकू हसत सुटली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मागून आमच्याच शेजारीणबाईंचा आवाज आला, “अहो, वर्ष तरी होऊ द्यायचं!” काकूनं माझ्याकडे पाहिलं. बाईंना सुनवायला माझ्या जिभेवर दहा वाक्यं होती. पण मी काकूचा हात दाबला आणि म्हणाले, “हळू ना, काकू.” तिनं पदर तोंडाला लावला, सिनेमा संपेपर्यंत नुसती बघत राहिली, आणि पुन्हा माझ्याबरोबर कधी सिनेमाला आली नाही. तसले सिनेमे आता टीव्हीवर लागले की मी तडक उठून जाते. मुलगी विचारते, “आई, तुला आवडत नाहीत का गं?” आवडतात, फार आवडतात. शेजारीणबाईंना मी केव्हाच माफ केलं. स्वतःला करता येत नाही.