राखेच्या वरची दाढ

अकरा वर्षं मी उत्खननाची माती धुतेय. धाकट्या जावेला चाळणी धरायला मीच शिकवलं. आणि दात, हाडं, दगडी पाती, सगळं काय ते तिच्याच चाळणीत! माझ्या नशिबी खडे. नजर तेज म्हणून सगळे तिला 'घार' म्हणतात. मला साधं टोपणनावही नाही. जळफळाट होणार नाही तर काय?

त्यात कायमची जागा निघाली एकच. आमचे हे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. ती जागा मला हवीच होती.

आमच्या संशोधक बाई सांगायच्या, "खालचा करडा गाळ तळं होतं तेव्हाचा. पाऊस घटला, तळं आटलं, झाडी गेली. मग माणूस अन्नासाठी लांब लांब चालायला लागला, जाळ करायला शिकला. आणि शिकला तशी त्याने रानं पेटवली, मोठी जनावरं मारून संपवली." करड्या गाळावर त्या आगीच्या राखेचा पट्टा, त्याच्यावर लाल माती, तिच्यात नुसते ससे नि उंदीर. म्हणून आमच्याकडे एकच कायदा, थरांची सरमिसळ करायची नाही; चाळणीत सापडलेलं ज्या त्या थराच्या ताटातच ठेवायचं.

त्या दिवशी धाकटीच्या ताटात मुठीएवढी दाढ आली. ती पाणी प्यायला गेली आणि मी दाढ धुऊन माझ्या ताटात टाकली. डोकं इतकं फिरलेलं, की तिचं ताट करड्या गाळाचं आणि माझं लाल मातीचं, हेही सुचलं नाही.

बाई उडाल्याच. "अगं बाई! आगीनंतरही मोठं जनावर तगलं होतं? माझं सगळं म्हणणंच खोटं ठरलं की!" त्यांनी माझी पाठ थोपटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

धाकटीने दाढ हातात घेतली. खाचेत करडा गाळ तसाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ही माझ्या ताटातली," ती म्हणाली. "ठेवताना माझाच घोटाळा झाला. ताईंना काही माहीत नाही."

थर मिसळणाऱ्याला बाई माफ करत नाहीत. आठवड्यात तिला घरी बसवलं आणि जागा मला मिळाली.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी घरी तिच्यावर खेकसले.

ती तांदूळ निवडत होती. "भाऊजींचं औषधपाणी आहे ना, ताई. आणि दाढ चुकीच्या थरात राहिली असती, तर मला चैन पडलं नसतं."

आता तिच्या खुर्चीवर मी बसते. चाळणीत अजूनही खडेच येतात. चोरी केली मी, आणि त्यातूनही मोठेपणा मिळवला तो तिनेच. मेली, अजून जळते मी तिच्यावर.