नातीची पाळी थांबली आणि मी खूश झाले

“आजी, चढा काट्यावर.”

जुन्नरच्या मैदानावर सरांनी मला असं म्हटलं. सर म्हणजे माझ्या नातीला, काजलला, लांबचं पळायला शिकवणारे. तिची आई गेल्यापासून पोर मीच सांभाळलेली. घाटघरहून पहिल्या एसटीनं तिला भेटायला आले होते, नाचणीच्या भाकरी घेऊन. पोरी रांगेत उभ्या. सर सगळ्यांसमोर वजन करत होते. काजलचं थोडं वाढलं होतं.

देवळात शिरताना काढते तशी चप्पल काढून मी चढले.

सर पोरींना म्हणाले, “बघा, काजलच्या घरचं हाडपेर! आत्ताच तोंड आवरलं नाय, तर हिचीबी अशीच म्हैस व्हणार.”

पोरी हसल्या. मीही हसले. शिकलेला माणूस, आपल्या पोरीचं भलंच बघत असेल. काजल तेवढी हसली नाही. भाकरीला हात लावला नाही. म्हणाली, “परत ने.”

काजल जुन्नरलाच राहायची; दिवाळीला घरी आली ती गालफडं बसलेली. भात चिवडायची, मग गुपचूप शेळीला घालायची. आणि लिहायलाही लाज वाटते. आमच्याकडं पाळी आली की चार दिवस बाहेर बसायचं, चुलीला शिवायचं नाही. काजल बाहेर बसलीच नाही. विचारलं तर म्हणाली, “सहा महिनं झालं, येतच नाय. सर म्हणत्यात, बरंच हाय, पळायला मोकळी.”

मला आनंद झाला! देवाचा नैवेद्य तिच्याच हातनं करवला. शेजारणीला सांगितलं, आमची पोर सुटली गं त्या कटकटीतून.

थंडीत तिच्या नडगीचं हाड चिरलं. पडली नाही, आपटली नाही. नुसती पळत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं, तर मी कौतुकानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आजी, पोरगी उपाशी आहे. अंगाला पुरेसं मिळत नाही म्हणून पाळी थांबली. हाडंही त्यानंच कच्ची झाली.”

उपाशी. घरात भाताची कणगी भरलेली, आणि माझी पोर उपाशी.

प्लास्टर निघालं तसे सर गाडी घेऊन दारात हजर. “भरा बॅग. स्पर्धेची निवड जवळ आलीय. आजी, लई लाड केलं नाय ना?”

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. “पोर न्हाई यायची.”

“तुमाला ह्यातलं काय कळतंय?”

“न्हाई कळलं, म्हणून तर हाड मोडलं. पाळी येस्तवर न्हाई. डाक्टरीण व्हय म्हणंस्तवर न्हाई. आन् तुमच्याकडं तर कंदीच न्हाई.”

गाडी वळून गेली. काजल आत हमसून रडत होती. “तू माझं पळणं मोडलंस,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. अजून अर्धीच भाकर खाते. माझं लक्ष नाही असं वाटलं की पोटाची कातडी चिमटीत धरून बघते, वाढलं का म्हणून. पाळी अजून नाही.

नाही बोलली तर नाही. जेवायच्या वेळी मी तिच्या समोरून हलत नाही.

गावातल्या आणखी दोघी त्याच मैदानावर जातात. दोन्ही घरी जाऊन आले. बापासमोर, मोठ्यानं विचारलं, “पोरीला पाळी येती का?” एकानं हात धरून बाहेर काढलं मला.

उद्या परत जाणार आहे.